पहिला रणगाडा निवडताना आधी चाके मोजा

विमानांची चार-पाच किटे जोडून हात बसलेला माणूसही पहिल्या रणगाड्याशी अडतो, आणि बहुतेक जण एकाच जागी अडतात: चाके आणि साखळपट्टे, म्हणजे ट्रॅक. बुरूज, तोफेची नळी, हलचा (म्हणजे धडाचा) वरचा भाग ही कामे भराभर होतात आणि करताना मजाही येते. त्याआधी मात्र चाकांच्या जोड्यांमागून जोड्या कापायच्या, घासायच्या, चिकटवायच्या असतात. त्यातच कंटाळा आला की खोके माळ्यावर जाते. म्हणून नवख्याने रणगाडा खालून वर निवडावा, असे माझे ठाम मत आहे. खोक्यावरचे चित्र सर्वांत शेवटी बघावे. पुढची कृती त्याच क्रमाने लिहिली आहे.

१. मनातल्या तीन रणगाड्यांची नावे कागदावर लिहा

एकच नाव लिहू नका. एकाच रणगाड्यावर मन बसले की त्याचे कठीण किटही सोपे वाटायला लागते. तीन नावे समोर असली की तुलना होते.

मराठी वाचकाच्या यादीत सेंच्युरियन असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५ मध्ये फिलोराच्या आघाडीवर पूना हॉर्सचे नेतृत्व करत होते ते सेंच्युरियनमधून. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्याच रेजिमेंटचे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत, वयाच्या २१ व्या वर्षी, ते लढले तो ‘फामागुस्ता’ नावाचा रणगाडाही सेंच्युरियनच. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. असा रणगाडा आपल्या हातांनी घडवावा असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

तरीही तो पहिला घेऊ नका. सेंच्युरियनच्या अलीकडच्या १/३५ किटांमध्ये सस्पेन्शनचे बारीक भाग बरेच असतात. शिवाय भारतीय खुणांचे डेकल खोक्यात सहसा मिळत नाहीत. ते वेगळे मिळवावे लागतात किंवा हाताने रंगवावे लागतात. ज्या मॉडेलमागे इतक्या भावना आहेत, त्यावर पहिल्यांदा हात साफ करून घेऊ नये. तो तिसरा ठेवा. तोवर संदर्भ जमवा, आणि जमल्यास अहिल्यानगरचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, रणगाडा संग्रहालय बघून या. खरा सेंच्युरियन डोळ्यांसमोर असला की ओतीव पोलाद आणि वेल्डिंगच्या कडा यांतला फरक कळतो. तो फोटोत नीट कळत नाही.

२. प्रत्येक नावापुढे चाकांचा आकडा लिहा

टी-५५ आणि टी-३४ यांना एका बाजूला पाच मोठी चाके असतात. प्रत्येक चाक म्हणजे दोन तबकड्यांची जोडी, म्हणजे दोन्ही बाजू मिळून २० तबकड्या. ट्रॅकचा वरचा भाग चाकांवरच टेकतो, त्यामुळे त्याला आधार देणाऱ्या वेगळ्या लहान चाकांची गरज नसते. पुढे एक, मागे एक दात्यांचे किंवा ताण देणारे चाक लावले की खालचे काम बरेचसे आटोपते.

शर्मनला एका बाजूला सहाच चाके, पण ती दोन-दोन करून तीन बोगींत बसवलेली. आकड्यावरून काम सोपे वाटते, पण प्रत्येक बोगी अनेक तुकड्यांची असते आणि ती सरळ उभी राहायला हवी. अवघड नाही, वेळखाऊ आहे.

आता टायगर. सुरुवातीच्या टायगर-१ ला एका बाजूला आठ आस आणि प्रत्येक आसावर तीन तबकड्या, म्हणजे बाजूला २४ आणि एकूण ४८. त्या एकमेकींत गुंफलेल्या असतात, त्यामुळे बसवण्याचा क्रम चुकला तर पुढची बसत नाही. आतल्या तबकड्या रंगवायच्या तर जोडणी मध्येच थांबवावी लागते. पँथरचीही चाके अशीच गुंफलेली. नवखे सर्वांत जास्त भुलतात ते नेमके याच दोन रणगाड्यांना, कारण दुकानात सर्वांत जास्त खोकी यांचीच असतात. चाके बघूनही टायगरच हवा असेल तर घ्या, पण कमी भागांचे किट निवडा.

३. ट्रॅक कोणत्या जातीचा आहे ते शोधा

किट विकत घेण्याआधी एवढी एकच गोष्ट तपासायची असेल तर ही तपासा. ट्रॅकचे मुख्य प्रकार चार.

पहिला मऊ, अखंड पट्टा. प्रत्येक बाजूला एक किंवा दोन तुकडे, टोके जोडली की काम झाले. जुन्या काही किटांतले पट्टे गोंद धरत नाहीत. त्यांच्या खुंट्या तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने दाबून वितळवाव्या लागतात. नंतरच्या अनेक किटांतले पट्टे साध्या प्लास्टिक सिमेंटने चिकटतात. वर्णनात ही सोय सांगितली असेल तर ते किट नवख्याच्या कामाचे. एक धोका मात्र आहे: काही मऊ पट्ट्यांतले रसायन वर्षानुवर्षे चाकांच्या प्लास्टिकला लागून ते वितळवते. चाकांच्या कडांवर रंगाचा पक्का थर असला तर प्लास्टिकला थोडे संरक्षण मिळते, म्हणून पट्टा चढवण्याआधी चाके रंगवून पूर्ण वाळू द्या.

दुसरा प्रकार कडक प्लास्टिकच्या लांब पट्ट्या आणि वळणांसाठी सुटे दुवे यांचा. वरचा आणि खालचा भाग एकेका लांब तुकड्यात येतो. चाकांभोवती वळताना तेवढे सुटे दुवे लावायचे. माझ्या मते शिकण्यासाठी हाच सर्वांत चांगला. ट्रॅकला येणारी नैसर्गिक ढील साच्यातच उतरवलेली असते, आणि काम एका संध्याकाळी होते. सिमेंट अर्धवट ओले असताना वळणाचे दुवे चाकांभोवती बसवायचे, एवढी एकच युक्ती लागते.

तिसरा प्रकार एकेक सुट्या दुव्याचा आणि चौथा हलणाऱ्या दुव्यांचा. शर्मनला एका बाजूला ७९ दुवे, टी-५५ ला सुमारे ९०. हलणाऱ्या ट्रॅकमध्ये एकेक दुवा दोन, तीन किंवा चार तुकड्यांचा असू शकतो, म्हणजे रणगाडा जोडण्याआधीच शेकडो तुकडे कापायचे आणि प्रत्येकावरची खूण घासायची. पूर्ण झाल्यावर तो सुंदर दिसतो, यात शंका नाही. पहिल्या किटात तो नको.

खोक्यावर हा तपशील नेहमी छापलेला नसतो. विक्रेत्याकडे स्प्रूंचे, म्हणजे भाग लटकलेल्या चौकटींचे, फोटो मागा. काळे मऊ पट्टे वेगळ्या पिशवीत दिसले तर पहिला प्रकार. एकाच आकाराच्या तुकड्यांनी भरलेल्या अनेक चौकटी दिसल्या तर तिसरा किंवा चौथा.

४. स्केल ठरवा

१/३५, १/४८ आणि १/७२ ही तीन प्रमाणे समोर येतील. शर्मनच्या उदाहरणाने आकार लक्षात येईल: खरा रणगाडा सुमारे ५.८४ मीटर लांब, म्हणजे १/३५ मध्ये जवळपास १७ सेंटिमीटर, १/४८ मध्ये १२ आणि १/७२ मध्ये ८.

१/७२ स्वस्त असते आणि कपाटात जागा कमी घेते, पण त्याचे भाग चिमट्यातून उडतात. छोटे म्हणजे सोपे, ही समजूत सोडून द्या. १/४८ मध्ये तामियाची किटे नवख्यासाठी फार चांगली आहेत: भाग मोजके, बसणी नेटकी, ट्रॅक बहुतेक दुसऱ्या प्रकारचे. त्या मालिकेतल्या सुरुवातीच्या काही किटांत हलचा तळ धातूचा आहे. तिथे प्लास्टिक सिमेंट चालत नाही, सुपरग्लू लागतो. घेण्याआधी तेवढे विचारून घ्या.

१/३५ मध्ये निवड सर्वांत मोठी. हे विचित्र प्रमाण रूढ झाले तेही तामियामुळेच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या जपानी कंपनीने मोटरवर चालणारा पँथर काढला. आत बॅटऱ्या मावतील एवढा त्याचा आकार ठरवला होता, आणि नंतर मोजल्यावर तो मूळ रणगाड्याच्या साधारण १/३५ भरला. पुढचे रणगाडे त्याच मापात आले आणि जगभर तेच माप चालू लागले.

५. साचा किती जुना आहे ते बघा

त्या मोटरच्या काळातल्या साच्यांमधून आजही किटे निघतात, नव्या चकचकीत खोक्यांत. हलच्या तळाला स्विचची आणि मोटरची भोके असतील तर ओळखा. अशी किटे सोपी आणि स्वस्त असतात, पण मापांत तडजोड असते आणि भोके बुजवत बसावे लागते. खोक्यावरचे साल पुनर्मुद्रणाचे असू शकते, म्हणून साचा मुळात कधीचा हे शोधा. किटांची वंशावळ देणारे स्केलमेट्स हे संकेतस्थळ त्यासाठी उपयोगी आहे.

खोक्यावरच्या कंपनीचेच प्लास्टिक आत असेल, याचीही खात्री नसते. एअरफिक्सने काही वर्षांपूर्वी आणलेल्या १/३५ रणगाड्यांमागे अकॅडमीचे साचे आहेत. इटालेरीची काही किटे तामियाच्या खोक्यातही विकली गेली आहेत. यात फसवणूक नाही, हा धंद्याचा रिवाज आहे. पण नाव बघून बसणीची खात्री बाळगणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

६. काय नको ते खोडा

पूर्ण अंतर्भाग असलेले किट नको. इंजिन, दारूगोळ्याचे रॅक, चालकाची बैठक हे सगळे जोडून, रंगवून शेवटी बहुतेक झाकले जाते. पितळी पत्र्याचे कोरीव भाग एक-दोन असतील, उदाहरणार्थ इंजिनावरची जाळी, तर चालतील. मडगार्डपासून अवजारांच्या पकडींपर्यंत सगळे पितळी असेल तर दुमडण्याचे वेगळे साधन आणि सुपरग्लूचा सराव लागतो. त्याला अजून वेळ आहे.

७. रंगाचा विचार आताच करा

एअरब्रश नसेल तर एकरंगी रणगाडा घ्या. अमेरिकी शर्मनचा ऑलिव्ह ड्रॅब किंवा सोव्हिएत रणगाड्याचा हिरवा रंग स्प्रे कॅनने नीट बसतो. जर्मन रणगाड्यांवर फेब्रुवारी १९४३ पासून पिवळा हा मूळ रंग आला आणि त्यावर हिरवे-तपकिरी पट्टे मारायला वेगळे रंग दिले गेले. त्या पट्ट्यांच्या मऊ कडा ब्रशने साधणे नवख्याला जड जाते.

मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात लॅकर स्प्रे मारू नका. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. विमानाने येणाऱ्या पार्सलांत ज्वलनशील स्प्रे कॅन सहसा घेत नाहीत, तेव्हा रंग शहरातल्या दुकानातून घ्यायची सोय बघून मगच किट मागवा.

८. आता निवडा

वरच्या सगळ्या चाळण्यांतून माझ्याकडे तीन किटे उरतात. तामियाचा १/३५ टी-५५ए, २००२ च्या साच्यातला: मोठी मोजकी चाके, मऊ पट्टे, एकच हिरवा रंग. पुढे कधी भारतीय टी-५५ करायचा असेल तर आपल्या सेनेने अनेक टी-५५ वर १०५ मिलिमीटरची तोफ बसवली होती, आणि या किटातली नळी १०० मिलिमीटरच्या तोफेची आहे, हे लक्षात असू द्या. दुसरा झ्वेझ्दाचा १/३५ टी-३४/८५, नव्या साच्यातला. याच कंपनीचा जुना साचा बाजारात दिसतो, तो नव्हे. तिसरा तामियाचा १/४८ शर्मन. १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत पॅटन रणगाड्यांसमोर डेक्कन हॉर्सचे शर्मनही उभे होते, त्यामुळे भारतीय इतिहासाची ओढ असणाऱ्याला याच्यावर मेहनत घ्यावीशी वाटेल. तोफ आणि बारकावे वेगळे असतील, ते पुढच्या किटात.

या तिघांत मी टी-५५ पुढे करेन. त्याचा बुरूज गोलाकार ओतीव आहे, त्यावर गंज, धूळ, ओघळ दाखवायचा सराव छान होतो, आणि थोडी चूक झाली तरी ती खडबडीत पृष्ठभागात मुरून जाते.

९. पार्सल आल्यावर

उघडतानाचा व्हिडिओ घ्या. पुस्तिकेच्या सुरुवातीला किंवा शेवटी चौकटींचा नकाशा असतो. त्यावर करड्या छटेत दाखवलेले भाग वापरायचे नसतात, ते उरले म्हणून घाबरू नका. प्रत्येक चौकट नकाशाशी ताडून बघा. ट्रॅक दोन्ही बाजूंचे आहेत ना, नळी वाकलेली नाही ना, पारदर्शक भाग तडकलेले नाहीत ना, डेकलचा कागद पिवळा पडलेला नाही ना, हे आधी. काही कमी असेल तर एकही भाग न कापता विक्रेत्याला त्याच दिवशी फोटो पाठवा. सगळे ठीक असेल तर चौकटी कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन रात्रभर वाळवा, आणि सकाळी पहिल्या चाकाला निप्पर लावा.