एस.टी.ची पाटी धूसर का दिसते?

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील जोहे आणि हमरापूर ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहेत. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी हे तेथील सर्वांत नाजूक काम. समजा, एक तरुण कारागीर वीतभर अंतरावरून केसाएवढी बारीक रेघ अचूक ओढतो. पण नाक्यावर येणाऱ्या एस.टी.ची पाटी मात्र त्याला वाचता येत नाही. मग त्याची नजर तीक्ष्ण म्हणायची की मंद?

उत्तरासाठी डोळ्याची रचना आठवा. डोळ्याच्या पुढच्या बाजूला घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. त्याची मधली जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. प्रकाशकिरण वाकवण्याचे काम आतले भिंगच करते, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक डोळ्याच्या एकूण सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी ४३ च्या आसपास शक्ती पारपटलाची असते. उरलेले काम भिंग करते आणि दृष्टिपटलावर प्रतिमा उमटते.

निकटदृष्टिता

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. तो जास्त लांब झाला, तर दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते आणि पडद्यावर नुसता धूसर ठिपका पडतो. लांबी एक मिलिमीटरने वाढली, तरी अडीच-तीन डायॉप्टरचा फरक पडतो! जवळची वस्तू मात्र स्पष्ट दिसते. म्हणूनच आपल्या कारागिराला आखणी करताना काहीच अडचण येत नाही, आणि आपल्या नजरेत दोष आहे हे त्याला कळतही नाही.

हा दोष तुम्हाला मोजताही येईल. एक डोळा तळहाताने झाका. डोळा दाबू मात्र नका. पुस्तकातील बारीक अक्षरे दुसऱ्या डोळ्यासमोर धरून हळूहळू दूर न्या. अक्षरे जेथे धूसर होऊ लागतात ते अंतर मीटरमध्ये मोजा. हा झाला दूरबिंदू. १ ला या अंतराने भागले की चष्म्याचा अंदाजी नंबर मिळतो. अंतर ५० सेंटिमीटर असेल तर १ ÷ ०.५ = २, म्हणजे उणे २ डायॉप्टरचे अंतर्वक्र भिंग हवे. दूरबिंदू २५ सेंटिमीटरवर असेल तर नंबर उणे ४. हात पुरेल तेथपर्यंत अक्षरे स्पष्टच राहिली, तर मात्र या रीतीने काही ठरत नाही. तेव्हा तक्ता हवा.

दवाखान्यातील अक्षरांचा तक्ता हॉलंडच्या स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केला. त्यातील ६/६ ओळीचे अक्षर ६ मीटरवरून डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करते. त्याची उंची सुमारे ८.७ मिलिमीटर भरते. हे गणित स्वतः करून पाहा.

सुईच्या छिद्राची परीक्षा

जाड काळ्या कागदाला सुमारे एक मिलिमीटरचे छिद्र पाडा आणि त्यातून फळ्याकडे पाहा. छिद्रातून किरणांची बारीक शलाकाच आत जाते, त्यामुळे पडद्यावरचा धूसर ठिपका लहान होतो. फळा स्पष्ट दिसू लागला, तर दोष किरण वाकवण्यात आहे. काहीच सुधारणा झाली नाही, तर मोतीबिंदू, दृष्टिपटल किंवा अन्य विकाराची शंका घ्यावी. निकटदृष्टी माणूस डोळे बारीक करून का पाहतो, तेही आता कळले ना?

आता गंमत पाहा. छिद्रातून स्पष्ट दिसते, पण कोणत्याही चष्म्याने तितके स्पष्ट दिसत नाही, असे झाले तर? तेव्हा पारपटलाचा पृष्ठभागच वेडावाकडा असल्याचा संशय येतो. काहींचे पारपटल ऐन शाळकरी किंवा तरुण वयात पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. नंबर वारंवार बदलतो आणि दिव्याभोवती दुहेरी प्रतिमा दिसतात. सतत डोळे चोळणे याला मदतच करते. वेळीच ओळखल्यास रायबोफ्लेविनचे थेंब व अतिनील किरण यांच्या उपचाराने ही वाढ बहुधा थांबवता येते.

शंकू ओळखण्याची युक्ती पोर्तुगालच्या प्लासिदो यांनी १८८० च्या सुमारास काढली. पुठ्ठ्यावर एकात एक काळी-पांढरी वर्तुळे काढा आणि मध्यभागी छिद्र पाडा. मित्राला खिडकीकडे पाठ करून बसवा, म्हणजे उजेड पुठ्ठ्यावर पडेल. छिद्रातून त्याच्या डोळ्यात पाहा. पारपटल हा बहिर्वक्र आरसाच असल्याने त्यात वर्तुळे दिसतील. निरोगी डोळ्यात ती गोल असतात. शंकूत अंड्यासारखी होतात आणि एका बाजूला दाटतात. मात्र ही परीक्षा समजून घेण्यासाठी आहे. निदान डॉक्टरांनीच करायचे.

फूल पडू नये म्हणून

भातकापणीत कुसळ डोळ्यात गेले, मूर्ती घासताना भुकटी उडाली, तर पारपटलावर ओरखडा उठतो. त्यात बुरशी किंवा जंतू शिरले की जखम चिघळते आणि बरी झाल्यावर पांढरा डाग राहतो. त्यालाच आपण ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतो. हा डाग चष्म्याने जात नाही. डोळा लाल होणे, खुपणे, उजेड सहन न होणे, बुबुळावर पांढरा ठिपका ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. मध, दूध किंवा दुकानातून आणलेले कोणतेही थेंब घालू नका. स्टेरॉइडच्या थेंबांनी बुरशी फोफावते. डोळ्यात चुना गेल्यास मात्र क्षणही न दवडता स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहा, आणि मगच दवाखान्यात न्या.

दाट फूल पडलेल्या डोळ्याला पारपटल बदलून दृष्टी देता येते. अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ साली केली. त्यासाठी मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. चष्मा असलेला माणूसही नेत्रदान करू शकतो. कारण निकटदृष्टितेत दोष बहुधा डोळ्याच्या लांबीत असतो, पारपटल निरोगीच असते. आपल्या देशात २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा पाळतात. पुष्कळदा गणपतीही याच सुमारास येतात.

चष्म्याने नंबर वाढतो ही समजूत खोटी आहे. रोज दीड-दोन तास मोकळ्या उजेडात खेळल्याने मात्र निकटदृष्टिता जडण्याची शक्यता कमी होते. तेव्हा आपल्या वर्गात फळा पाहताना डोळे बारीक करणारा, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारा कोणी आहे का, पाहा. त्याला ‘ढ’ म्हणण्याआधी सुईच्या छिद्राचा कागद त्याच्या हाती द्या, आणि त्याच्या पालकांना डोळे तपासून घ्यायला सांगा.