बाहीखालचा ओरखडा

आंघोळ घालताना लेकीच्या दंडावर ओरखडा दिसला. दोन दिवस बाही ओढून लपवला होता तिनं. विचारलं तर म्हणाली, "तू मोत्याला परत मारशील म्हणून नाही सांगितलं." आणि मग हळूच, "आई, मी त्याला आवडत नाही का गं?"

मोत्या म्हणजे आमचं कुत्र्याचं पिल्लू. वर्षभर हट्ट करून तिनं ते आणायला लावलं होतं. दोन महिन्यांचं. आल्यापासून तिच्या पोटऱ्या, फ्रॉकचा घेर, काही सोडत नव्हतं. एका संध्याकाळी कुकर लावताना तिची किंकाळी ऐकली, धावत आले आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला हाणली. दमल्यावर, लेकराच्या पायावर रक्त दिसल्यावर आपला हात उठतोच. पण मोत्याचं चावणं थांबलं नाही. माझा हात दिसला की तो अंग चोरायला लागला, एवढंच.

पिल्लाला हात नसतात, ते सगळं तोंडानंच चाचपतं. 28 दुधाचे दात, सुईसारखे. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडू लागतात, पक्के यायला सहा-सात महिने होतात. तोवर हिरड्या शिवशिवतात. भावंडांत असताना जोरात चावलं तर समोरचं केकाटतं आणि खेळ सोडून जातं. घरीही तेच करायचं. दात लागला की खेळ बंद, अर्धा मिनिट पाठ फिरवायची. मग त्याला चावायला कापडाची गाठ किंवा गार गाजर द्यायचं. हे घरातल्या सगळ्यांनीच पाळायला हवं. आमच्याकडे आजोबा कौतुकानं बोटं चघळू द्यायचे, त्यांना विनवावं लागलं.

लेकीला मी 'झाड' व्हायला शिकवलं. पिल्लू अंगावर आलं की पळायचं नाही, ओरडायचं नाही, हाताची घडी घालून उभं राहायचं. तिची धावपळ भीतीची असते, त्याला मात्र तो खेळ वाटतो. शिवाय पिल्लाला दिवसाचे 18 ते 20 तास झोप लागते. झोप अपुरी झाली की तान्ह्या बाळासारखं किरकिरं होतं आणि जास्त चावतं. मुलं शाळेतून येऊन दंगा करतात, नेमकी तीच त्याच्या झोपेची वेळ. तेव्हा त्याला त्याच्या कोपऱ्यात निजू द्या. आणि दोघांना एकटं सोडू नका, "दोनच मिनिटं" म्हणूनसुद्धा नाही.

लपवलेल्या ओरखड्याची मला आजही धास्ती वाटते, ती रेबीजमुळे. दातानं कातडी फुटली, नुसतं खरचटलं तरी, वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायचं. हळद, चुना काही लावायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, पिल्लू घरचं असलं तरी.

पण हे सगळं मूल आपल्याला सांगेल तरच. म्हणून आज झोपताना त्याला जवळ घेऊन एवढं सांगा: "दात लागला तर लगेच मला सांग. मी तुला रागावणार नाही आणि पिल्लालाही मारणार नाही."