काकडी काहून धरत नाही? : मधमाशीचा धडा

परसबागेत फिरताना एक प्रश्न हमखास कानी येतो. "ताई, वेल फुलांनी भरला, खतपाणी बी केलं, मग काकडी काहून धरत नाही?" आपण बियाण्याला दोष देतो. पण बरेचदा कारण असतं, बागेत मधमाशीच येत नाही.

काकडी, कारलं, कोहळा यांच्या एकाच वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाखाली इवलंसं फळ दिसतं. नर फुलाचे पराग तिथं पोचले तर ते वाढतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. पराग कमी पडले तर फळ वाकडं होतं. धानाला माशी नसली तरी चालते, या वेलांना नाही.

घरीच तपासा. सकाळी ताजं नर फूल तोडून तीन-चार मादी फुलांच्या मधोमध हलकेच टेका. त्यांना दोरा बांधा. आठ दिवसांत तेवढीच फळं वाढली, तर बागेत माश्या कमी आहेत हे ओळखा.

आपल्या देशी माश्या चार :
1. आग्या : उंच झाडावर एकच मोठं पोळं. पेटीत राहत नाही.
2. सातेरी : ढोलीत अनेक पोळी. पेटीत पाळता येते.
3. फुलोरी : झुडपात छोटं पोळं.
4. बिनकाट्याची बारीक माशी : ढोलीत, भिंतीच्या भेगेत.

फवारणीची काळजी
सेंद्रिय आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दशपर्णी किंवा निंबोळी अर्क माशीच्या अंगावर पडला तर तिलाही त्रास होतो. फवारा सांजेला, माश्या परतल्यावर, पानांवर मारा. दोडका आणि दुधीची फुलं मात्र सांजेलाच उमलतात, ती वाचवा. बागेच्या कडेला तीळ, तुळस, झेंडू लावा. पसरट भांड्यात पाणी आणि माशीला बसायला खडे ठेवा.

मोहोळ जाळू नका
आग्याचं मोहोळ टेंभ्यानं जाळलं तर मध एकदाच मिळतो. माश्या आणि पिल्लं मरतात, वर जंगलाला आग लागते ते वेगळंच. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं अभ्यास गटात बसून माश्या न मारता मध काढायची रीत शिकून घेतली. अंगभर जाळीचा पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापायचा, पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. वनहक्क कायदा 2006 मध्ये मध हे गौण वनोपज आहे. पण आपलं मोहर्ली ताडोबाच्या दारात आहे. म्हणून ग्रामसभेत आणि वनविभागाशी बोलल्याशिवाय मधासाठी जंगलात जाऊ नका. वाघाच्या जंगलात एकटीनं तर कधीच नाही.

पुढच्या बैठकीत एवढं ठरवा
• कोणाच्या बागेत कोणती माशी दिसली?
• सगळ्या जणी सांजेलाच फवारणार का?
• सातेरीची पेटी शिकायला गटातून कोण जाणार?

उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा. काकडी धरली का, तेही लिहा.