गोणपाटातली उगवण

वडगाव मावळ, 20 मे

चि. छकुलीस,


परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, जनरेटरच्या सगळ्या टेस्ट पास होतात, तरी ग्राहकाकडे कोड कंपाइलच होत नाही." तेवढ्यात तुझ्या लोकलने कामशेत सोडलं आणि आवाज तुटला. म्हणून सविस्तर लिहिते.

तुझ्या टेस्ट वाचल्या. जनरेटरने तक्त्यावरून लिहिलेली जावाची फाइल साठवून ठेवलेल्या नमुन्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघायची, एवढंच त्या करतात. एक स्पेस जास्त पडली की टेस्ट फेल. पण नमुन्यातच चूक असली तर ती कायम पास. तो नमुना तरी आला कुठून? जनरेटरनेच लिहिलेली फाइल उचलून ठेवली ना? मीही तेच केलं होतं. शाळांच्या नोंदींचं काम होतं. तक्त्यात इयत्तेच्या रकान्याचं नाव 'क्लास' होतं आणि जनरेटरने त्याच नावाचं फील्ड लिहून टाकलं. जावात तो राखीव शब्द, फील्डला देताच येत नाही. फाइल दिसायला इतकी नेटकी की आम्ही तिघांनी वाचून मान डोलावली. काम सोपवायच्या आदल्या रात्री ते उघडकीला आलं. ती रात्र मी विसरलेले नाही.

तुझे आजोबा काल इंद्रायणीचं बी बघत होते. हे वाण आपल्या वडगावच्याच भात संशोधन केंद्राचं, 1987 सालचं. दाणा टपोरा, हातावर घेतला तर शंका यायला जागा नाही. तरी त्यांनी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. कोंब मोजल्याशिवाय ते रोपवाटिकेत मूठभरही बी टाकत नाहीत. तुझ्या टेस्टमध्ये हे गोणपाटच नाही.

ते म्हणजे कंपायलर. 2006 च्या जावा 6 पासून तो आपल्या प्रोग्राममधूनच बोलावता येतो. टेस्टने जनरेटर चालवावा, आलेला मजकूर मेमरीतूनच कंपायलरला द्यावा आणि त्याच्या तक्रारी गोळा कराव्यात. तक्रार एकही नको. मग तयार झालेला क्लास लोड करून त्याच्या दोन-चार मेथड खरोखर चालवून बघ. कोंब फुटला तरी लोंबी भरायची बाकी असते.

आता माझी खरी शंका. टेस्टमधून बोलावलेल्या कंपायलरला वेगळं काही सांगितलं नाही, तर तो टेस्टचाच क्लासपाथ धरतो. त्यात तुमच्या जनरेटरच्या आणि टेस्टच्या सगळ्या लायब्ररी असतात. ग्राहकाकडे त्यातलं काहीच नसतं. म्हणजे एखादा इम्पोर्ट तुमच्याकडे बिनबोभाट चालतो आणि तिकडे अडतो. क्लासपाथ स्वतः ठरवून दे, ग्राहकाकडे असेल तेवढाच. जावाची आवृत्तीही ग्राहकांकडची सर्वांत जुनी धर.

तुमच्या कोडमध्ये मराठी लेबलं असतात, म्हणून आणखी एक. मेमरीतून दिलेल्या मजकुराला एन्कोडिंगचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे ती टेस्ट याबाबत काहीच सांगत नाही. 2022 मध्ये आलेल्या जावा 18 च्या आधीचा कंपायलर त्या त्या मशीनचं एन्कोडिंग धरायचा, आणि 'इयत्ता'ची नुसती प्रश्नचिन्हं होऊ शकायची. निदान एका टेस्टमध्ये फाइल यूटीएफ-8 मध्ये डिस्कवर लिही आणि कंपायलरला एन्कोडिंग स्पष्ट सांग.

या टेस्ट सावकाश चालतात अशी कुरकुर होईल. प्रत्येक फाइलसाठी कंपायलर नव्याने उभा करू नकोस. पुष्कळ फाइली एकदम दे. जुने नमुने टाकू नकोस. बदल झाला की काय बदललं ते डोळ्यांनी बघायला दोन-तीन ठेव. आणि मुद्दाम चुकीचा तक्ताही देत जा. तिथे कंपायलरच्या आधी जनरेटरने ओरडायला हवं, रकान्याच्या नावासकट.

कोडने कोड लिहिणं पुण्याला नवं नाही. 1981 साली सुरू झालेल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात मॉडेलवरून कोड घडवणारं मास्टरक्राफ्ट तयार झालं. तिथले केसव नोरी त्याआधी झुरिकमध्ये पास्कलच्या कंपायलरवर काम करून आलेले. जनरेटर लिहिणाऱ्याला कंपायलर आतून कळावा असं मला फार वाटतं.

रविवारी येशील तेव्हा लॅपटॉप आण. आधी त्या 'क्लास' रकान्याची टेस्ट लिहू. ती फेल झाली तर घाबरू नकोस, दुरुस्ती जेवल्यावर करू.

तुझी,
आत्या