कवडी आणि माझ्या आजीची माळ

माझी आजी तुळजापूरच्या भवानीची आराधी आहे. तिच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. मंगळवारी ती हातात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागते. एकदा वर्गातला एक मुलगा मला म्हणाला, "तुझ्या आजीची माळ कवडीमोल आहे." सगळी मुले हसली. मला रडू आले. गुरुजींनी ते ऐकले. ते कुणालाही रागावले नाहीत. मला म्हणाले, "कवडी म्हणजे काय आणि तिची किंमत किती, याचा तू अभ्यास कर. येत्या भित्तिपत्रकात लिही." काही माहिती गुरुजींनी पुस्तकातून वाचून दाखवली. काही मी आजीला विचारली.

कवडी म्हणजे काय?

मला वाटायचे कवडी हा एक दगड आहे. पण तसे नाही. कवडी हे समुद्रातल्या एका गोगलगायीचे घर आहे. कवड्यांच्या पुष्कळ जाती आहेत. माळेत असते ती लहान, पिवळसर पांढरी कवडी. लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने १७५८ साली तिच्या नावात 'मोनेटा' हा शब्द घातला. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ नाणे, पैसा असा होतो. ही कवडी साधारण दोन-तीन सेंटिमीटर लांब असते. म्हणजे माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. ती हिंदी महासागरात आणि प्रशांत महासागरात, जिथे पाणी ऊबदार असते तिथे राहते. मालदीव आणि लक्षद्वीप बेटांजवळ ती सापडते. आमच्या गावापासून समुद्र फार लांब आहे. मी अजून समुद्र पाहिला नाही.

कवडी कशी जगते?

ती उथळ पाण्यात, पोवळ्यांच्या खडकात आणि दगडांखाली राहते. दिवसा लपून बसते. रात्री बाहेर येऊन खडकावरचे शेवाळ खाते. तिच्या अंगाला एक मऊ पडदा असतो. तो दोन्ही बाजूंनी वर येतो आणि पाठीवर मिटतो, जशी आजी थंडीत शाल पांघरते. त्या पडद्यातूनच कवडीवर चुन्याचे थर बसतात. म्हणून कवडी इतकी चकचकीत असते. तिला कोणी पॉलिश करत नाही.

कवडी लहान असते तेव्हा तिचे तोंड मोठे व उघडे असते. ती शेतातल्या शंखासारखी दिसते. मोठी झाली की कड आत वळते आणि तोंडाची फट राहते. फटीच्या दोन्ही कडांना दात दिसतात. पण ते चावायचे दात नव्हेत. मादी अंडी घालते आणि त्यांच्यावर बसून राखण करते. हे वाचून मला आमची कोंबडी आठवली.

आजीच्या माळेतल्या एका कवडीची पाठ फुटली आहे. मी तिच्यात डोकावून बघितले. आत गोगलगायीसारखा वेढा दिसला. तेव्हा मला खात्री पटली.

कवडीचा पैसा

पूर्वी मालदीवचे लोक नारळीच्या झावळ्या पाण्यात टाकून ठेवत. कवड्या त्यांना चिकटत. मग त्या खड्ड्यात पुरत. आतला जीव मरून कुजला की कवड्या धुऊन घेत. या कवड्या जहाजाने बंगालला जात आणि बदल्यात तांदूळ येई. इब्न बतूता नावाचा प्रवासी चौदाव्या शतकात मालदीवला राहिला होता. त्याने हे लिहून ठेवले आहे.

कवडी लहान, टणक, मोजायला सोपी. ती कुजत नाही. खोटी कवडी करणेही अवघड. म्हणून ती पैसा झाली. बंगालमध्ये असा हिशेब होता :

४ कवड्या = १ गंडा
२० गंडे = १ पण
१६ पण = १ कहाण

म्हणजे एका कहाणात १२८० कवड्या. सिल्हेट गाव आता बांगलादेशात आहे. तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीस लोक शेतसारा कवड्यांत भरत. त्या होड्यांत भरून ढाक्याला नेत. तिथे एका रुपयाला सुमारे ४ कहाण, म्हणजे ५१२० कवड्या पडत.

एक गोष्ट वाईट वाटली. युरोपचे व्यापारी याच कवड्या पश्चिम आफ्रिकेत नेत आणि कवड्या देऊन माणसे विकत घेत. त्यांना गुलाम करत. गुरुजींनी हे वाचले तेव्हा वर्ग गप्प झाला. घाना देशाच्या चलनाचे नाव 'सेडी' आहे. तो शब्द तिथल्या भाषेतल्या कवडीवरूनच आला आहे.

आजीच्या माळेची किंमत

मग मी आजीच्या कवड्या मोजल्या. ६४ भरल्या. म्हणजे १६ गंडे. एक पणसुद्धा झाला नाही. एका रुपयाला अशा ८० माळा आल्या असत्या! मला वाटले होते की माळ फार महाग निघेल आणि मी वर्गात सांगेन. मी हिरमुसले. आजीला हिशेब सांगितला. आजी हसली. म्हणाली, "आगं, ही माळ मला माझ्या सासूनं घातली. तिला तिच्या सासूनं. हिचं मोल इचारायला मी काय बाजारात बसलेय व्हय?"

मी हे वर्गात सांगितले. गुरुजी म्हणाले, "ज्या कवडीनं माणूस विकत घेतला, ती माणसापेक्षा मोठी झाली का? किंमत वेगळी आणि मोल वेगळं." संध्याकाळी तो मुलगा आमच्या घरी आला. त्याने माळ मोजली. त्याच्या ६३ भरल्या. पुन्हा मोजली तेव्हा ६४ भरल्या. आजीने त्याला गूळ-शेंगदाणे दिले.

लक्षात ठेवा : तुम्ही समुद्रावर गेलात तर जिवंत कवडी उचलू नका. दगड उलटला तर परत तसाच ठेवा. त्याच्याखाली कुणाचे तरी घर असते.

तुम्ही सोडवा : ३ पण आणि ५ गंडे म्हणजे किती कवड्या? (उत्तर : २६०)

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी