खारवट खाचरातील भाताची तहान

तंजावूर आणि त्याभोवतीचा कावेरीचा त्रिभुज प्रदेश हे तमिळनाडूचे भाताचे कोठार होय. कावेरीचा प्रवाह रोडावला, की किनाऱ्याकडील पट्ट्यात समुद्राचे पाणी भूजलात शिरते. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत तर नागपट्टिणमच्या शेतांवर खारे पाणी पसरले (हा भाग 1991 पर्यंत तंजावूर जिल्ह्यातच होता). अशा खाचरात पाणी उभे असतानाही रोपांच्या पानांची टोके वाळतात. शेतकरी गोंधळतो, कारण दोष डोळ्यांना दिसत नाही. तो मुळांच्या पेशींत असतो.

पेशीभोवतीचे पटल पाण्याला सहज वाट देते, विरघळलेल्या क्षारांना तितकी देत नाही. पाणी कमी तीव्रतेच्या द्रावणाकडून अधिक तीव्रतेच्या द्रावणाकडे जाते. यालाच परासरण म्हणतात. एरवी पेशीरस जमिनीतील पाण्यापेक्षा तीव्र असल्याने मूळ पाणी ओढते. जमिनीत क्षार वाढले, की ही ओढ मंदावते आणि पाण्यात उभे राहूनही रोप तहानलेले राहते.

दुसरे संकट संथ, पण अधिक घातक असते. पेशीचा आतला भाग ऋणभारित असतो व तेथे सोडियम कमी असते. म्हणून बाहेरचे सोडियम पटलातील प्रथिनांच्या वाटांनी आपोआप आत शिरते. आत येणे फुकट, बाहेर काढणे मात्र खर्चाचे! पेशी ऊर्जा वापरून हायड्रोजन आयन बाहेर ढकलते आणि ते परत आत येताना त्यांच्या मोबदल्यात सोडियम बाहेर टाकते. काही सोडियम रिक्तिकेत कोंडले जाते. फुटवे व दाण्यांसाठी लागणारी ऊर्जा अशी खर्ची पडते.

केरळातील 'पोक्कळी' या जुन्या वाणाच्या पहिल्या गुणसूत्रावर 'साल्टोल' नावाचा भाग ओळखला गेला आहे. त्या भागातील एक वाहक प्रथिन जलवाहिनीतून वर चढणारे सोडियम वाटेतच भोवतालच्या पेशींत काढून घेते. सोडियम पानांपर्यंत कमी पोहोचते. मुळात ते शिरतच नाही, असे मात्र नव्हे.

जमिनीची विद्युतवाहकता सुमारे 3 डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली, की भाताचे उत्पादन घटू लागते. रोपावस्था व फुलोरा या अवस्था सर्वांत नाजूक. म्हणून लावणीपूर्वी गोड्या पाण्याने क्षार धुऊन ते पाणी चराने बाहेर काढावे. निचरा नसेल, तर साठलेले पाणी आटून क्षार उलट वाढतात. थोडी जून रोपे घेऊन प्रत्येक चुडात एक-दोन रोपे अधिक लावावीत. जिप्समचा वापर माती परीक्षणानंतरच करावा: चोपण जमिनीत त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते, केवळ खारवट जमिनीत मात्र तो खर्च बहुधा वाया जातो. कोकणातील खारभूमीलाही हेच लागू पडते. तेथे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे 'पनवेल 1', 'पनवेल 2' व 'पनवेल 3' हे वाण उपलब्ध आहेत.