दुकानाच्या पाटीवरचा नंबर कोणाचा?

अंतरवाली सराटी (ता. अंबड, जि. जालना) येथील शिलाईकाम करणारे एक भाई आमच्याकडून बरीच वर्षे कापड नेतात. मध्यंतरी त्यांचा मोबाइल काही महिने रिचार्जविना पडून राहिला. पुढे हिशेबासाठी आम्ही फोन लावला, तर बोलणारे गृहस्थ भलतेच निघाले. कंपनीने तो नंबर त्यांना नव्याने दिला होता. पाटीवर, पावतीबुकावर आणि बँकेच्या खात्यात मात्र भाईंचा तोच जुना नंबर! तेव्हा नंबर येतो कोठून, हे व्यापारी बांधवांनी समजून घेतले पाहिजे.

नंबर कंपनी घडवीत नाही. तो केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाच्या ताब्यातील माल आहे. 2003 च्या राष्ट्रीय क्रमांक योजनेनुसार विभाग कंपन्यांना नंबरांचे गट देतो आणि कंपनी त्यातून आपल्याला एकेक देते. ठोक व्यापाऱ्याने गाठ घ्यावी आणि दुकानात तागा फोडावा, तसेच हे. फरक इतकाच की कापड विकत मिळते, नंबर फक्त वापरायला मिळतो.

लँडलाइनचा हिशेब दहा अंकांचा. अंबडचा एसटीडी कोड 02483. पुढचे शून्य सोडले तर कोडचे 4 आणि स्थानिक नंबरचे 6, मिळून 10. मुंबईचा कोड 22, म्हणून तेथे नंबर 8 अंकी. स्थानिक नंबरच्या पहिल्या अंकावरून कंपनी कळते. 2 हा अंक बीएसएनएलला व मुंबईत एमटीएनएलला दिला गेला, 4 एअरटेलला, 6 टाटाला. एका अंकामागे अंबडला 1 लाख नंबर होतात, मुंबईला 1 कोटी. अंबडच्या लाखांतले बहुतेक नंबर पडून राहिले, तरी ते दुसऱ्या गावाच्या उपयोगी येत नाहीत. म्हणूनच ट्रायने 2025 मध्ये लँडलाइनसाठी लहान विभागांऐवजी संपूर्ण सेवाक्षेत्र धरावे, अशी शिफारस केली.

मोबाइलचे वाटप सेवाक्षेत्रानुसार होते. महाराष्ट्र व गोवा हे एक क्षेत्र, मुंबई वेगळे. उदाहरणार्थ, 9422 हा गट महाराष्ट्रात बीएसएनएलला मिळाला. या 4 अंकांपुढे 6 अंक, म्हणजे 10 लाख नंबर. मात्र 20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली आणि 3 जुलै 2015 पासून दुसऱ्या सेवाक्षेत्रात जातानाही. त्यामुळे मोबाइलच्या सुरुवातीच्या अंकांवरून आजची कंपनी ओळखता येत नाही. लँडलाइनला कंपनी बदलण्याची ही सोय नाही.

यातून आपण काय घ्यावे? कंपनीवर नाराजी असेल तर नंबर टाकू नका, 1900 वर संदेश पाठवून कंपनी बदला. नंबर वापराविना ठेवू नका. ट्रायच्या 2013 च्या नियमाने वापर नसलेल्या प्रीपेड नंबरला 90 दिवसांचे संरक्षण दिले, पण त्यानंतर तो बंद होऊन दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. नंबर सोडायचाच असेल तर आधी बँकेत नवा नोंदवा, मग गिऱ्हाइकांना कळवा आणि पाटी रंगवून घ्या.

आमच्या भाईंनी आता पाटीवर दोन नंबर लिहिले आहेत, एक त्यांचा आणि एक मुलाचा. दोन्ही दरमहा चालू आहेत की नाही, हे ते उधारीच्या वहीबरोबरच पाहतात.